दारातला पहिला श्वास

हल्ली मला एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं. एडिसन आणि आसपासच्या गावांतल्या सगळ्या जुन्या घरांची बेसमेंट्स आतून एकमेकांना जोडलेली आहेत आणि मी हातात टॉर्च घेऊन एका घराखालून दुसऱ्या घराखाली चालले आहे. वरून माणसांचे आवाज येत असतात. कुणी खुर्ची सरकवतं, कुणी मुलाला जेवायला हाक मारतं, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते. खाली मात्र मी आणि फर्नेस, एवढंच. एकेक फर्नेस ओळखीची असल्यासारखी धुसफुसते, मी तिच्या पत्र्यावरून हात फिरवते आणि पुढच्या घराखाली जाते. स्वप्नात माझे गुडघे दुखत नाहीत, तेवढाच काय तो खोटेपणा. बाकी सगळं मी आयुष्यभर केलेलंच आहे.

जुन्या घरांतल्या गॅस फर्नेस दुरुस्त करणं हे माझं काम होतं. त्यातही गळती शोधणं हे खास माझं. यंदाच्या वसंतात गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून मीही दिला. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवीन ओळख झाली की लोक विचारायचे, "मिस्टर आयटीत, आणि तुम्ही?" मी सांगितलं की समोरचा चेहरा थोडा वेळ रिकामा व्हायचा. मग "अरे वा! म्हणजे ऑफिसमध्ये बसून मॅनेज करता ना?" असा प्रश्न यायचा. नाही हो, पोटावर सरपटत जाऊन करते, असं मी म्हणायचे. त्यानंतर त्यांच्या घरची फर्नेस कशी विचित्र आवाज करते हे मला हमखास ऐकावं लागायचं.

मी नागपूरची. बाबा कारखान्यात फिटर होते, त्यामुळे पाना हातात धरायची भीती कधी वाटली नाही. इतिहासात बीए केलं, लग्न झालं, मिलिंदच्या नोकरीमागे इथे अमेरिकेत आले आणि पहिल्याच हिवाळ्यात आमच्या भाड्याच्या घराची फर्नेस बंद पडली. दुरुस्तीला आलेला म्हातारा फ्रँक बेसमेंटमध्ये गुडघे टेकून बसला होता. मी त्याला टॉर्च धरला आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याचं डोकं खाल्लं. हे काय, ते कशाला, हा निळा जाळ मध्येच पिवळा का होतो? जाताना तो म्हणाला, गावच्या कॉलेजात संध्याकाळी याचा कोर्स असतो, तिथे जाऊन प्रश्न विचार, मला घरी जाऊ दे. मी गेले. पुढे त्याच्याच छोट्या कंपनीत कामाला लागले.

ज्यांनी थंडीत जमिनीतल्या जाळीवर पाय शेकलेत पण जाळीखाली काय आहे हे कधी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. बेसमेंटच्या कोपऱ्यात कपाटाएवढी एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात गॅस जळतो, त्यानं हवा तापते आणि पंखा ती हवा घरभर ढकलतो. बाहेरच्या मीटरपासून त्या पेटीपर्यंत लोखंडी पाइप येतो, आणि जिथे पाइप वळतो तिथे सांधा असतो. जुन्या घरात हे सांधे कुणाच्या तरी आजोबांच्या वेळचे असतात. घर वर्षानुवर्षं जमिनीत किंचित किंचित बसत जातं, सांध्याला लावलेला लेप वाळून खडखडीत होतो. मग एखाद्या ऑक्टोबरात, पहिल्या थंडीला, सगळं पुन्हा चालू करताना तो सांधा हळूच श्वास सोडायला लागतो. त्याला आम्ही गळती म्हणतो.

गॅसला स्वतःचा वास नसतो. माणसाला कळावं म्हणून कुजक्या अंड्यांसारखा वास त्यात मुद्दाम मिसळतात. गळती मोजायचं यंत्र आमच्याकडे असतं, पण फ्रँकनं मला यंत्राच्या आधी नाक वापरायला शिकवलं. त्याचं म्हणणं असं, की दारातला पहिला श्वास खरा. नाक फार लवकर सरावतं. जरा वेळ आत उभं राहिलात की तुम्हाला काहीच येईनासं होतं आणि तुम्ही समजता, सगळं ठीक आहे. म्हणून मी कुणाच्याही दारात गेले की आधी घंटा न वाजवता टकटक करायचे, कारण विजेच्या घंटेची ठिणगीही नको. दार उघडलं की नमस्कार करायच्या आधी एक लांब श्वास घ्यायचे. लोकांना वाटायचं, बाई दमून आली.

त्या एका श्वासात मी किती घरं पाहिली! ओल्या विटांची, जुन्या लाकडाची, वाळवायला टाकलेल्या कपड्यांची, कुत्र्याची, लहान बाळाची. एका इटालियन आजीच्या घराला बाराही महिने लसणाच्या पावासारखा वास यायचा. एक घर होतं, त्याला कसलाच वास नव्हता. तिथला माणूस नुकताच एकटा झाला होता. त्या घराची फर्नेस ठणठणीत होती, तरी मी उगाचच बराच वेळ ती तपासत बसले.

आपल्या लोकांच्या घरांचं मात्र वेगळं होतं. आपल्याकडे रिकामा कोपरा कुणाला बघवत नाही, त्यामुळे फर्नेसच्या खोलीत तांदळाची पोती, जुन्या गाद्या, गणपतीची आरास, सगळं काही असतं. एका घरी तर फर्नेसच्या डोक्यावर रोज दह्याचं पातेलं ठेवायचे. थंडीत दही लागत नाही, तिथे छान लागतं. मी त्यांना आगीचे सगळे धोके समजावून सांगितले. त्यांनी सगळं मनापासून ऐकून घेतलं आणि मला वाटीभर दही दिलं. दही खरंच चांगलं होतं, हे मान्य करायलाच हवं. एका नव्यानं घर घेतलेल्या जोडप्यानं गळती म्हणून घाबरून बोलावलं. मी खालपासून वरपर्यंत घर हुंगलं, आणि शेवटी स्वयंपाकघराच्या खणात झाकण उडालेली हिंगाची डबी सापडली. नवरा म्हणाला, "यार, मी आख्खी रात्र जागा होतो!" बायको हसून हसून खाली बसली.

आणि नवरात्र! फर्नेस चालू करून घ्यायचा मोसम आणि नवरात्र बरोबर एका वेळी येतात. अंगात काजळी लागलेला डगला, कमरेला पाने, आणि दाराशी एखादी काकू तबक घेऊन उभी. "सवाष्ण आलीस, अशी कशी जाशील?" आमच्या घरची ही पद्धत नाही. आम्ही बुद्धवंदना करणारी माणसं. पण समोरचीच्या डोळ्यांत फक्त माया असते, तेव्हा ओंजळ आपोआप पुढे होते. माझ्या व्हॅनमध्ये त्या दिवसांत पान्यांपेक्षा नारळ जास्त असायचे. उलट दसऱ्याला आमच्या लोकांची वंदना असायची, तिथे मला वेळेवर जाणं कधीच जमलं नाही. पहिली थंडी आणि धम्मचक्र दिन हातात हात घालून यायचे, आणि फोन वाजत राहायचा. ती रुखरुख मात्र राहिली.

पण आपल्या लोकांची सगळ्यात मोठी गंमत म्हणजे चहा. जगातला कुठलाही माणूस गळतीवाल्याला दार उघडतो आणि म्हणतो, लवकर या, खाली आहे. आपला माणूस म्हणतो, "या या, बसा, चहा टाकतो." आणि शेगडीकडे जातो! घरात गॅस सुटल्याच्या संशयानं मला बोलावलेलं असतं आणि मला चहा द्यायचा म्हणून पहिली काडी ओढणारही हेच. म्हणून मी फोनवरच सांगायचे, मी आल्यावर मला काही देऊ नका, आधी काम, मग चहा. लोकांना माझा स्वभाव तुसडा वाटायचा. वाटू दे.

कुमुदकाकूंना मात्र मी हे सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी गळतीसाठी बोलावलंच नव्हतं.

कुमुदकाकू म्हणजे आमच्या भागातल्या बेसनाच्या लाडवांच्या काकू. दिवाळीत मंडळाच्या फराळाला लाडू त्यांचेच, हे ठरलेलं. काकांबरोबर त्या फार पूर्वी इथे आल्या, तेव्हा ओक ट्री रोडवर आपली दुकानंही नव्हती. काका गेल्यावर त्या जुन्या लाकडी घरात एकट्या राहायच्या. दारात मेपलचं प्रचंड झाड, बेसमेंटमध्ये घराएवढीच जुनी पाइपलाइन. मुलगी अनुजा इथेच जन्मलेली, फिलाडेल्फियात वकील. ती आईला आपल्याकडे चल म्हणायची. काकू म्हणायच्या, "तिथे माझी शेगडी कुठे आहे?"

त्या ऑक्टोबरात त्यांनी नेहमीसारखा फोन केला, "सुनंदा, दिवाळीच्या आत फर्नेस चालू करून दे गं." मी गेले. दुपार होती. मेपल लालभडक झालं होतं आणि पानं इतकी हळू पडत होती की मी व्हॅनला टेकून जरा वेळ बघतच राहिले. मग पायऱ्या चढून टकटक केली. काकूंनी दार उघडलं आणि मी श्वास घेतला.

गॅस. स्पष्ट, खालून वर येणारा, घरात मुरलेला.

काकू हसत होत्या. "ये ये, किती वाळलीस! बस, चहा टाकते," म्हणून त्या वळल्याही. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही शंका नव्हती. मला एक क्षण वाटलं, मीच स्वप्नात आहे. मग शेगडीच्या बटणाकडे गेलेला त्यांचा हात दिसला.

"काकू, हात लावू नका! कशालाच हात लावू नका!"

मी आयुष्यात कुठल्याही मोठ्या माणसावर एवढ्यानं ओरडले नसेन. काकूंचा हात तिथेच थांबला. मी त्यांचं मनगट धरलं आणि घरातल्या सपातांवरच त्यांना बाहेर काढलं, मेपलच्या पार पलीकडे, व्हॅनजवळ. गाडीतली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. पाना घेऊन मीटरपाशी गॅस बंद केला आणि रस्त्यावरूनच गॅस कंपनीला फोन लावला. त्यांचा माणूस आला, मोजून गेला. आकडा स्फोटाच्या पातळीच्या खाली होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तो वरच चालला होता, हेही दिसत होतं. त्यानं मीटरला लाल पट्टी बांधली. घराच्या आतली दुरुस्ती झाली आणि आम्ही तसं कळवलं की तो येऊन गॅस सुरू करणार.

तो गेल्यावर मी काकूंना विचारलं, "तुम्हाला वास नाही आला?"

"सर्दी झालीय थोडी."

"काकू."

त्या मेपलकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो ताप आला होता ना मला, सगळ्या जगालाच आला होता तेव्हा. त्यात वास गेला. सगळ्यांचा परत आला, माझा नाही आला."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? बेसन भाजणाऱ्या बाईला वास येत नाही म्हणून?" त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "रंगावर भाजते मी. आवाजावर भाजते. बेसन हलकं झालं की झाऱ्याला कळतं. सकाळी उठले की आधी आठवून बघते गं. चाफा कसा असतो, काकांच्या कोटाला कसा वास यायचा. आठवतो, पण येत नाही. अनुजाला सांगू नकोस. तिला कळलं तर माझं घर संपलं. ती मला त्या तिच्या काचेच्या इमारतीत नेऊन ठेवेल. सगळं इलेक्ट्रिक, सगळं स्वच्छ, आणि मी दिवसभर खिडकीत."

मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदम. ज्या घरात मी आत्ता श्वास घेतला होता, त्याच घरात त्या आदल्या दिवशी जेवल्या होत्या, झोपल्या होत्या, सकाळी देवापुढे दिवा लावला होता.

मी म्हणाले, "काकू, सांधा मी दुरुस्त करीन. नाक मला दुरुस्त करता येत नाही. अनुजाला कळल्याशिवाय मी कंपनीला काम झालं म्हणून कळवणार नाही."

"म्हणजे मला थंडीत ठेवणार?"

"हो."

"तू कोण गं मला सांगणारी? लेक आहेस माझी?" त्या खरोखरच चिडल्या. "इतकी वर्षं दारात येतेस, प्रत्येक वेळी तुला लाडू दिले, आणि आज हे?"

मी आत गेले. खिडक्या, दारं सगळी उघडली, घर वाऱ्यावर सोडलं. यंत्रावरचा आकडा शून्यावर आला तशी खाली बेसमेंटमध्ये उतरले. रागावलेलं माणूस आणि थंड फर्नेस, दोघांनाही जरा वेळ द्यावा लागतो.

गळती नेमकी कुठे आहे हे शोधायची रीत फार साधी आहे, आणि मला ती या धंद्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. गॅस बंद करून पाइपात पंपानं नुसती हवा भरायची. वाटीत साबणाचं पाणी घ्यायचं, दाढीच्या ब्रशसारखा मऊ ब्रश बुडवायचा आणि एकेक सांधा माखत जायचा. मग टॉर्च धरून वाट बघायची. काही करायचं नाही, फक्त बघायचं. धड सांधा तसाच ओला चमकत राहतो. गळका सांधा बुडबुडा काढतो.

मी फर्नेसजवळच्या सांध्यापाशी वाकले होते, तेवढ्यात जिन्यावर सपातांचा आवाज आला. काकू माझी शाल गुंडाळून खाली आल्या होत्या. माझ्याशी अबोला होता, पण घर त्यांचं होतं. त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या.

ब्रशनं सांधा माखला. आधी काहीच नाही. मग खालच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा आला. तो वाटाण्याएवढा झाला. टॉर्चच्या उजेडात त्याच्यावर जांभळा, हिरवा, सोनेरी रंग फिरायला लागले. तो हळूहळू फुगत राहिला आणि आवाज न करता फुटला. त्याच्या जागी लगेच दुसरा यायला लागला. वरच्या उघड्या खिडकीतून एक मेपलचं पान आत आलं आणि जमिनीवर पडलं. आम्ही दोघी बायका त्या बुडबुड्याकडे बघत होतो.

"एवढासा?" काकूंनी विचारलं.

"एवढासाच."

"हे मला दिसतंय." त्या जवळ आल्या, वाकल्या. "वास नाही आला, पण दिसतंय. हे इतके दिवस चाललं होतं?"

"थंडी पडल्यापासून असेल."

 आणखी तीन-चार बुडबुडे आले आणि गेले. मग त्यांनी शालीच्या आतून फोन काढला आणि तिथेच, बेसमेंटमध्ये उभ्या राहून, स्पीकरवर अनुजाला लावला. मला म्हणाल्या, "तू इथेच थांब."

"हाय आई, इज एव्हरीथिंग ओके?"

"अनुजा, ऐक. घरात गॅस लीक झाला होता. आता बंद केलाय, सुनंदा आलीय. पण मला कळला नाही." त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली. "मला वास येत नाही गं. त्या तापापासून. काहीच येत नाही."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"आय नो, आई," अनुजा म्हणाली. "मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"तुझे लाडू. दोन दिवाळ्या बेसन करपलं होतं. ऑल ऑफ इट. मी खाल्ले, मुलांनी खाल्ले, मंडळात सगळ्यांनी खाल्ले. कुणी काही बोललं नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मीसुद्धा खाल्ले होते. पहिल्याच घासाला मला कळलं होतं. वाटलं, वय झालं, हात चुकला असेल, आणि दुसरा लाडू मागून घेतला होता. वासावर पोट भरणारी बाई मी, करपल्या लाडवातून मला एवढं कळायला हवं होतं.

"मग बोलली का नाहीस?" काकूंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"बिकॉज यू वेअर सो हॅपी, आई. तू डबे भरत होतीस आणि गात होतीस. मी कशी सांगणार? पण गॅसचं मी थिंक नाही केलं. ओ गॉड. मी फक्त लाडवांचाच विचार केला." आता अनुजाही रडत होती. "मी तुला घरातून काढणार नाही. आय प्रॉमिस. पण असं लपवू नकोस. मी पण नाही लपवणार."

काकू फर्नेसच्या पत्र्याला टेकून उभ्या राहिल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मग मध्येच म्हणाल्या, "सगळ्यांनी करपलेले खाल्ले? देशपांड्यांनीपण? तो तर माणूस नावं ठेवल्याशिवाय पाणी पीत नाही!" आणि हसायला लागल्या.

मी तो सांधा काढून नवा बसवला. पुन्हा हवा भरली, पुन्हा साबण. यावेळी ब्रश मी काकूंच्या हातात दिला. त्यांनी लाडवावर बेदाणा लावतात तशा हलक्या हातानं सांधा माखला आणि आम्ही वाट पाहिली. बुडबुडा आला नाही. कंपनीचा माणूस येऊन पट्टी काढून गेला, फर्नेस सुरू झाली, आणि जाळ्यांतून ऊब वर आली तशी घरातली लाकडं जराशी कुरकुरली. मग काकूंनी चहा टाकला.

अनुजानं गॅसची शेगडी काढून इलेक्ट्रिक बसवली. काकू महिनाभर तिच्यावर रुसल्या. बेसमेंटमध्ये आणि जिन्यापाशी गॅसचे अलार्म लागले. पण काकूंचा भरवसा अलार्मपेक्षा साबणावर. दर सोमवारी त्या वाटी आणि ब्रश घेऊन खाली उतरतात, सगळे सांधे माखतात आणि टॉर्च धरून बसतात. मी विचारलं, इतका वेळ काय करता खाली? म्हणाल्या, "बघत बसते गं. छान वाटतं."

आणि माझं एक नवं काम सुरू झालं. दर ऑक्टोबरात त्यांची फर्नेस तपासायची आणि त्याच दिवशी बेसन भाजायचं. त्या भाजणार, मी हुंगणार. अनुजा फोनवर ऐकत असायची. काकू झारा फिरवत विचारायच्या, "आला?"

"नाही अजून."

"आता?"

"येतोय. थोडं थांबा."

"आता?"

"हं. आता उतरवा."

लाडू पूर्वीसारखे झाले. मंडळात त्या वर्षी देशपांडे एक लाडू खाऊन काही बोललेच नाहीत, आणि काकूंनी ते मोठं प्रशस्तिपत्र मानलं.

यंदा माझ्याकडे फर्नेस तपासायचं काम नव्हतं, पण बेसन होतं. मी दुपारची गेले. डगला नाही, पाने नाहीत, साधी साडी. मेपल तसंच लाल. सवयीनं टकटक केली, सवयीनं श्वास घेतला. तूप, वेलची, ताजं बेसन. गॅस नाही. काकू आता चांगल्याच थकल्यात, पण कढईसमोर उभ्या राहिल्या की ताठ होतात. मी ओट्याला टेकून बसले. घर उबदार होतं, खिडकीतून ऊन येत होतं, झाऱ्याचा आवाज एका लयीत चालला होता. मला काम सोडल्यापासून पहिल्यांदाच असं स्वस्थ वाटलं. मी त्यांना माझं ते स्वप्न सांगायला लागले. सगळी बेसमेंट्स जोडलेली, मी टॉर्च घेऊन चालतेय, वर कुकरची शिट्टी होतेय. त्या ऐकत होत्या. मी सांगता सांगता त्या स्वप्नातच गेले. तुमच्या घराखाली आले की थांबते, म्हणाले, तिथे एक बुडबुडा दिसतो...

"थांब," काकू म्हणाल्या.

त्यांचा झारा थांबला होता. भुवया जवळ आल्या होत्या, एखादं विसरलेलं नाव आठवताना येतात तशा.

"काहीतरी करपतंय का गं?"

मी श्वास घेतला. काहीच नाही. नेहमीसारखं खमंग बेसन. "नाही हो काकू, अजून तर—" आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. मी इतका वेळ त्याच हवेत बसले होते. माझं नाक कधीच सरावलं होतं.

मी उठले, दार उघडून बाहेर पोर्चवर गेले. थंड हवा छातीभर घेतली. मग परत उंबऱ्यात आले आणि पहिला श्वास घेतला.

करपलं होतं. कढईच्या तळाशी, चांगलंच.

मागे वळून बघितलं तर काकू माझ्या पाठोपाठ बाहेर आल्या होत्या, हातात झारा तसाच.  माझा चेहरा त्यांना पुरला असावा. त्या मेपलकडे तोंड करून उभ्या राहिल्या, माझ्यासारखाच लांब श्वास घेऊन सोडला, आणि मग वळून स्वतःच्याच घराच्या दारात आल्या. डोळे मिटले. श्वास घेतला.

"करपलं गं," त्या म्हणाल्या. गालांवरून पाणी वाहत होतं. "अगं, करपलं! सगळं बेसन करपलं!"

आतमध्ये कढईतून धूर यायला लागला होता. शेगडी बंद करायला आम्हा दोघींपैकी कुणीच लगेच हललं नाही. काकूंनी आणखी एक श्वास घेतला.